बाँडचे पैसे पगाराला का चालत नाहीत?

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांबद्दल एक तक्रार वर्षानुवर्षं फिरतेय: "शिक्षकांना घरी बसवताना पैसे नाहीत म्हणतात, आणि जिम मात्र नवीकोरी बांधतात. स्कूल बोर्ड खोटं बोलतंय." ऐकायला बिनतोड, पण चूक.

स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, तिजोरी एकच नसते. (स्कूल बोर्ड म्हणजे तिचं कारभारी मंडळ.) पगार, वीजबिल, बसगाड्या हे मुख्यतः जनरल फंडातून जातं. मोठी बांधकामं बहुधा बाँडमधून. बाँड म्हणजे मतदारांनी मंजूर केलेलं कर्ज. ते मालमत्ता कराच्या बिलातून फिटतं. पूर्वी त्याला दोन तृतीयांश मतं लागायची. २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन ३९ या प्रस्तावानं ५५ टक्क्यांची वाट उघडली, पण फुकट नाही. या पैशातून शिक्षकांचे पगार किंवा शाळेचा चालू खर्च भागवायचा नाही. कामांची यादी मतदारांपुढे आधीच ठेवायची, दरवर्षी ऑडिट करायचं, वर नागरिकांची स्वतंत्र देखरेख समिती. त्यामुळे बोर्डातल्या सगळ्यांनी एकमतानं हात वर केले, तरी जिमचे पैसे गणिताच्या बाईंच्या पगाराकडे वळत नाहीत.

(ती जिम खरंच हवी होती का, हा वेगळा वाद. तो जरूर घाला.)

उलट्या दिशेनं मात्र पैसा जाऊ शकतो: जनरल फंडातून बांधकामाकडे. बोर्डाला धारेवर धरायचंच असेल तर बजेटात 'ट्रान्सफर्स आउट' (या फंडातून दुसरीकडे वळवलेले पैसे) ही ओळ शोधा. तिथला आकडा बोर्डाच्या मर्जीचा असू शकतो.