क्रीडाचिन्हे व गणवेश : डिजिटल आरेखन

संघाचे चिन्ह, पाठीवरचे अंक, पट्टे व प्रायोजकांच्या खुणा संगणकावर रेखाटून छपाई, कापणी किंवा भरतकामासाठी फाइल तयार करण्याचे तंत्र. रेखाटन व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या वक्रांच्या गणिती वर्णनात असते. त्यामुळे तेच चिन्ह टोपीवर ५ सेंमी. आणि फलकावर ५ मी. घेतले तरी कडा फुटत नाहीत.

या वक्रांना बेझिये वक्र म्हणतात. नावावरून जनकत्व ठरवणे मात्र बरोबर नाही. त्यांमागची बहुपदे (गणिती पदावल्या) गणितज्ञ सेर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्ये वेगळ्याच प्रयोजनाने मांडली. मोटारीच्या पत्र्याचे आकार वर्णन करण्यासाठी सित्रोएन या फ्रेंच मोटार-कंपनीत पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ च्या सुमारास ती वापरली. पण कंपनीने हे काम गुप्त ठेवले. रेनो या दुसऱ्या फ्रेंच मोटार-कंपनीतील प्येर बेझिये यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे तिथपर्यंत मजल मारली व ते प्रसिद्धही केले, म्हणून त्यांचे नाव रुळले. कालक्रम पाहता अग्रमान द कास्तेल्झो यांना देणे अधिक सयुक्तिक. छापायच्या पानाचे वर्णन करणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या संगणकभाषेने (१९८४) त्रिघाती बेझिये वक्र स्वीकारला. इलस्ट्रेटर (१९८७) व कोरलड्रॉ (१९८९) या आरेखन-प्रणालींतून तो आरेखनकारांच्या हाती आला. या वक्रातून काटेकोर वर्तुळ निघत नाही. चार चापांचे वर्तुळ काढताना हँडलची (बिंदूपासून निघून वक्राची दिशा व ओढ ठरवणाऱ्या दांडीची) लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली, तर त्रिज्येतील चूक फार तर ०.०२७ टक्के राहते. ती ना डोळ्याला कळते, ना कापणीयंत्राला.

ढालीसारखे सममित चिन्ह अर्धेच काढून आरशाप्रमाणे उलटवतात. मध्यरेषेवरील बिंदूचे हँडल तिच्याशी काटकोनात नसेल, तर सलग वक्र हवा तिथे जोडावर बारीक टोक दिसते. दोन अर्धे एकजीव न करता नुसते शेजारी ठेवले, तर केसाएवढी फट उरते. स्कॅनवरून आपोआप ट्रेस केल्यास (कडा गिरवून घेतल्यास) गरजेपेक्षा कितीतरी जास्त बिंदू पडतात, कापणीयंत्राचे पाते अडखळते व कड खडबडीत निघते. अंकांची दुहेरी किनार स्ट्रोकवर (रेषेला दिलेल्या जाडीवर) न सोडता ऑफसेट पाथने (कडेपासून ठरावीक अंतरावर समांतर रेषा काढणाऱ्या आज्ञेने) स्वतंत्र आकार म्हणून काढावी. अन्यथा काही सेटिंगमध्ये चिन्ह मोठे होते आणि किनार तेवढीच राहते. ‘एम’, ‘डब्ल्यू’ यांच्या निमुळत्या कोपऱ्यांतून काटे फुटतात, ते मायटर मर्यादा (कोपऱ्याचे टोक किती लांब जाऊ द्यायचे ती मर्यादा) कमी करून आवरतात.

पूर्ण छापील जर्सीसाठी सब्लिमेशन वापरतात. कागदावर उलटी छापलेली प्रतिमा साधारण २०० अंश से. तापमानात ४५ ते ६० सेकंद दाबली, की रंग वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. पांढरी शाई नसतेच; कापडाचा पांढरेपणा हाच पांढरा रंग. दाबानंतर कागद सरकला तर दुहेरी सावली उमटते. उष्णतेने कापड आटते, म्हणून ठरावीक मापाची चौकट आधी कापडावर दाबून मोजतात व त्या फरकाने फाइल वाढवतात. पडद्यावरचा रंग येथे भरवशाचा नाही. त्याच कापडावर दाबलेला नमुनातक्ता जवळ हवा. सर्वांत जास्त काम बिघडते ते मापे वाढवताना. लहान मापाचे चित्र सरसकट ताणले, तर बाजूच्या शिवणीवर पुढचे व मागचे पट्टे जुळत नाहीत, कारण मुंड्याचा (बाही जोडायच्या कडेचा) वक्र त्याच प्रमाणात वाढत नाही. प्रत्येक मापाच्या पॅटर्नवर शिवणीच्या खुणांपासून पट्टे नव्याने बसवावे लागतात. छातीवरचे चिन्ह मात्र बहुधा सर्व मापांत एकच ठेवतात. कापणीच्या रेषेबाहेर निदान १ सेंमी. रंग सोडतात.

गडद सब्लिमेशन जर्सीवर पांढरे व्हिनाइल (उष्णतेने चिकटणारा प्लास्टिकचा पापुद्रा) अंक चिकटवले, तर खालचा रंग उष्णतेने वर चढतो. लाल कापडावरचे पांढरे अंक काही दिवसांत गुलाबी पडतात. त्यावर रंगरोधक थर असलेले व्हिनाइल व कमी तापमान हे उपाय.

भरतकामासाठी व्हेक्टर फाइल पुरत नाही. टाक्यांची दिशा व क्रम नव्याने आखावा लागतो. सॅटिन टाका (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी शेजारी घातलेला टाका) साधारण १ ते ७ मिमी. रुंदीत नीट बसतो, टाक्यांतले अंतर ०.४ मिमी.च्या आसपास असते. धागा कापड आत ओढतो, म्हणून आकार टाक्याच्या दिशेने ०.२ ते ०.४ मिमी. जाड ठेवतात. ५ मिमी.पेक्षा लहान अक्षरे सहसा गचडतात.