चेंडू किती लांब गेला, की कोणता पाय पुढे आला?

शाळेच्या वेळापत्रकात पीटीचा तास असतो. मैदान असतं, शिट्टी असते, नशीब चांगलं असेल तर पुरेसे चेंडूही असतात. वर्षअखेरीस मुलाला नेमकं काय करता यायला हवं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मुलं खेळली, घामाघूम झाली, संपला तास. गणिताच्या बाबतीत आपण हे खपवून घेतलं नसतं.

अमेरिकेत या प्रश्नाची सुरुवात चाचण्यांपासून झाली. १९५० च्या दशकात डॉ. हान्स क्राउस आणि बॉनी प्रुडन यांनी शाळकरी मुलांच्या स्नायूंची ताकद आणि लवचिकता तपासली. अमेरिकी मुलांपैकी निम्म्याहून जास्त नापास झाली, तर युरोपात नापासांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत निघालं. देशभर खळबळ उडाली आणि १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली. १९६६ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. त्यासाठी चाचण्यांत ८५ वं पर्सेंटाइल गाठावं लागे, म्हणजे शंभरातल्या ८५ मुलांच्या पुढे असावं लागे. मेख इथेच होती. ज्या मुलांच्या आकड्यांवरून ही रेषा आखली, त्यांतली ८५ टक्के मुलं तिच्या खालीच असणार! शिवाय खालच्या मुलाची तब्येत खरोखर वाईट आहे का, हेही त्यातून कळत नाही. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमधून १९८२ मध्ये निघालेल्या 'फिटनेसग्राम' या चाचणीसंचाने पुढे तुलना बाजूला ठेवली आणि त्या वयाला आरोग्यासाठी एवढं पुरेसं आहे का, एवढंच पाहायला सुरुवात केली.

पण तंदुरुस्ती मोजली म्हणजे शिकवलं असं होत नाही. लवकर वयात आलेला मुलगा काहीही न शिकता वर्गमित्रांपेक्षा जोरात पळतो. त्यात शिक्षकाचं श्रेय ते काय? १९९५ मध्ये तिथे शारीरिक शिक्षणाचे पहिले राष्ट्रीय निकष आले, तेव्हा भर गेला तो मुलाला काय कळतं आणि काय करता येतं यावर. २०२४ च्या आवृत्तीत असे चार निकष आहेत: हालचालींची कौशल्यं, त्यांमागचं ज्ञान, इतरांबरोबर वागणं, आणि आपणहून व्यायामाकडे वळणं. शेवटचे दोन तपासायला अवघड आहेत, आणि माझ्या मते बऱ्याच शाळांत ते कागदावरच राहतात.

पहिला निकष मात्र चांगलाच पकडीत येतो. खांद्यावरून चेंडू फेकणं घ्या. लहान मूल लक्ष्याकडे तोंड करून उभं राहतं आणि नुसता हात फिरवतं. मग ते एक पाऊल टाकायला लागतं, पण ज्या हाताने फेकायचं त्याच बाजूचं. पक्क्या फेकीत विरुद्ध पाय पुढे येतो. सीमारेषेवरून उजव्या हाताने थ्रो करणारा क्षेत्ररक्षक पाहा, डावा पाय आधी पडतो. त्यामुळे कंबर आधी वळते, धड मागे राहून ताणलं जातं, आणि वेग कंबरेकडून धड, खांदा, कोपर, मनगट असा चढत जातो. त्याच बाजूचा पाय पुढे टाकला की कंबरेला वळायला जागाच उरत नाही आणि सगळा भार एकट्या खांद्यावर येतो.

२०१३ च्या अमेरिकी आराखड्यात या फेकीचे पाच घटक ठरवले होते: लक्ष्याकडे बाजू करून उभं राहणं, हात मागे नेऊन कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवणं, विरुद्ध पाय, कंबर-पाठीचं वळणं, आणि फेकल्यावर हात अंगावरून पलीकडे जाऊ देणं. दुसरीत पाचपैकी दोन, तिसरीत तीन, चौथीत पूर्ण फेक. चेंडू किती मीटर गेला, हा मुद्दा इथे दुय्यम ठरतो. अंतर उंची आणि ताकदीवरही अवलंबून असतं, पाऊल मात्र शिकवता येतं.

अभ्यासक्रम आखायचा तो असा उलटा: आधी शेवट ठरवायचा, मग तो कसा तपासायचा हे, आणि खेळ सर्वांत शेवटी निवडायचे. आपल्याकडे बहुधा खेळ आधी ठरतो. एका पायावर उड्या मारणं शिकवायचं म्हणून लंगडी लावली, तर त्या वेळी उड्या मारणारा गडी एकच, बाकीचे धावतात किंवा पाळी येईपर्यंत बसून राहतात. डॉजबॉलसारख्या, चेंडू मारून गडी बाद करायच्या खेळात तर सराव ज्याला सर्वांत जास्त हवा तोच आधी बाद होतो. लंगडी वाईट नाही, फक्त सगळ्यांना उड्या मारायला लावून झाल्यावर ती घ्यावी.

भारतातही २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणासाठी क्षमता लिहून दिल्या आहेत. भरलेल्या वर्गात प्रत्येक मुलाचे पाचही घटक एका तासात पाहणं कोणालाच जमणार नाही. तशी गरजही नाही. आज फक्त पाय पाहायचा, ज्याचा चुकला त्याच्या नावापुढे खूण करायची. कोपराची पाळी पुढच्या आठवड्यात.