दट्ट्याची किटली आणि चोथ्याचा प्रश्न

काचेची किटली, तिच्या तोंडातून आत सोडलेली भोकांची नळी, नळीत चहाची पाने आणि वर दांडीचा दट्ट्या. चहा मनासारखा उतरला की दट्ट्या खाली दाबायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, पाने पिळून अर्क काढत असतील. पण खरी गंमत नळीच्या तळाशी आहे. तिथे भोकेच नसतात. दट्ट्या पानांना त्या बंद भागात कोंडतो, पाण्याशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटतो आणि किटलीतला उरलेला चहा तुरट होत जायचा थांबतो.

हा चोथ्याचा प्रश्न चहाइतका जुना नाही. सोंग राजघराण्याच्या काळातल्या चीनमध्ये चहाची भुकटी गरम पाण्यात फेटून प्यायची रीत होती. सगळेच पोटात गेल्यावर मागे काय उरणार? १३९१ साली मिंग सम्राट होंगवू याने दाबून केलेल्या चहाच्या वड्या नजराणा म्हणून घेणे बंद केले, आणि सुटी पाने पाण्यात मुरवण्याची पद्धत रुजत गेली. चोथा आला तो तिच्याबरोबर. चिनी लोकांनी त्यावर काढलेला उपाय मला आजही सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: चीनमधल्या यीशिंग गावच्या मातीची चिमुकली चहादाणी, आणि चहा उतरला की ती एका दमात रिकामी करायची. प्यायला हवा असेल तर त्याच पानांवर पुन्हा पाणी.

इंग्रजांची किटली मात्र कुटुंबाला पुरेल एवढी मोठी. दुसरा पेला भरेपर्यंत आतला चहा कडू. मँचेस्टरच्या जे. जे. रॉयल यांनी १८८६ साली झाकण दाबले की तोटीतून आपोआप चहा येईल अशी किटली काढली. तिने उचलण्याचे कष्ट वाचले, पाने होती तिथेच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्ल ऑफ डंडोनाल्ड यांनी आडवी निजवता येणारी किटली आणली. निजवल्यावर पाने पाण्यात, उभी केल्यावर पाण्याबाहेर. युक्ती नामी, पण भरलेली गरम किटली निजवायला धीर हवा.

दट्ट्या आला तो कॉफीकडून. फ्रान्समध्ये मेयर आणि देलफोर्ज यांनी १८५२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांचे पेटंट १९२९ चे. पण कॉफीच्या भांड्यात जाळीखाली गेलेला चोथा पाण्यातच भिजत राहतो. त्यात चहा केला तर तो लगेच ओतून घ्यावा लागतो. ही उणीव बंद तळाच्या नळीने भरून काढली. डेन्मार्कमध्ये १९४४ साली सुरू झालेल्या बोडम कंपनीच्या अशा किटलीचे नाव, गमतीची गोष्ट, ‘आसाम’.

त्याच आसामात १९३० च्या दशकात मॅककर्चर यांनी पाने चिरडून, फाडून, वळवून दाणे करणारे सीटीसी यंत्र काढले आणि आपल्या घरांतला चहा दाणेदार झाला. दूध-साखर घालून उकळायचा, गाळण्यातून गाळायचा. चोथा एका झटक्यात वेगळा. अशा घरात दट्ट्याला काम नाही. तो लागतो दार्जिलिंग किंवा निलगिरीच्या अख्ख्या पानांना. तीही बेताने घ्यावीत, कारण भिजून फुगलेली पाने बंद भागाच्या वर आली, तर दट्ट्या दाबूनही ती भोकांसमोरच राहतात आणि चहा कडू होतच जातो.