चिल्लई कलान कोरडा गेला तेव्हा

२०२४च्या जानेवारीत ओळखीचं एक कुटुंब गुलमर्गला जाऊन आलं. फोटोत सगळ्यांच्या अंगात भाड्याचे जाड कोट, पायात गमबूट, आणि पाठीमागे पिवळट, सुकलेलं गवत. महाबळेश्वरच्या पठारावर मे महिन्यात दिसतं ना, अगदी तसं. घोडेवाला म्हणे वर बोट दाखवून सांगत होता, ‘तिकडे अफरवाटला थोडा आहे.’ सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गमध्ये भर जानेवारीत बर्फ शोधायला गोंडोलात, म्हणजे रोपवेच्या डब्यात बसून जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत चढावं लागत होतं.

‘यंदा तिकडे थंडीच नव्हती,’ असा निष्कर्ष त्यांनी परत आल्यावर जाहीर केला. तो निम्माच खरा होता.

त्या दिवसांत श्रीनगरचं दुपारचं तापमान जम्मू आणि दिल्लीपेक्षा जास्त भरत होतं, हे खरं. मैदानावर दाट धुक्याची गोधडी पसरलेली, तिच्यातून ऊन खाली पोचत नव्हतं. काश्मीरवर मात्र निरभ्र आकाश आणि लख्ख ऊन. पण तेच निरभ्र आकाश रात्री उलटं वागतं. ढग असले की जमिनीतून निघालेली उष्णता ते अडवतात आणि तिचा बराच भाग परत खाली पाठवतात. ढग नसले की ती सरळ आकाशात निघून जाते. म्हणून श्रीनगरचा पारा रात्री शून्याच्या बराच खाली उतरत होता, नळांतलं पाणी गोठत होतं, फेरनखालची (घोळदार झग्याखालची) कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, सुटत नव्हती. थंडी होती. नव्हता तो ओलावा. बर्फाला दोन्ही लागतात, आणि फ्रीजरमध्ये रिकामा ट्रे ठेवला तर बर्फ होत नाही.

हा ओलावा येतो कुठून? आपल्याला पाऊस म्हटलं की नैर्ऋत्येचा मोसमी वारा आठवतो. काश्मीरचा हिवाळा वेगळ्या दिशेकडे डोळे लावून बसतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरात तयार झालेली वादळी क्षेत्रं, उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या जेट वाऱ्यांच्या प्रवाहातून इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळतात. हवामान खात्याच्या भाषेत हे ‘पश्चिमी विक्षोभ’. वाटेत त्यांना अरबी समुद्राकडूनही बाष्प मिळतं. हिवाळ्यात महिन्याला साधारण पाच-सहा येतात, पण सगळेच दमदार नसतात. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४मध्ये आले ते अशक्त तरी होते, नाहीतर फार उत्तरेकडून निघून गेले. वायव्य भारतात त्या अख्ख्या जानेवारीत सरासरी ३.१ मिलिमीटर पाऊस-बर्फ नोंदला गेला. १९०१पासूनच्या नोंदींत जानेवारीसाठी याहून कमी आकडा एकदाच आला आहे.

तेव्हा बहुतेक बातम्यांनी खापर एल निनोवर फोडलं. प्रशांत महासागर तापलेला होता, त्यामुळे ते सोपं होतं. मला ते पटत नाही. आजवरचा अभ्यास पाहिला तर एल निनोच्या हिवाळ्यात पश्चिम हिमालयात सरासरीपेक्षा जास्त हिमवर्षाव होण्याकडे कल दिसतो. म्हणजे त्या वर्षी एल निनो असूनही बर्फ पडला नाही, असं म्हणणं अधिक रास्त. एका हिवाळ्याचं एकच कारण सांगायचा मोह आवरलेला बरा.

तापमानवाढीचा भाग मात्र साध्या हिशेबाने समजतो. डोंगर चढताना दर किलोमीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. हवा सगळीकडे एका अंशाने तापली, तर शून्य अंशाची रेघ साधारण दीडशे मीटर वर सरकते. काल जिथे बर्फ पडत होता त्या उतारावर आज पाऊस पडतो. पाणी तेवढंच आलं, पण ते थांबलं नाही, त्याच दिवशी ओढ्याने वाहून गेलं.

हे थांबणंच महत्त्वाचं. मराठीत रसवंतीवाल्याची लादी आणि आभाळातून पडणारी भुरभुर या दोघांना आपण ‘बर्फ’च म्हणतो. काश्मिरीत पडणाऱ्या बर्फाला ‘शीन’ हा स्वतःचा शब्द आहे, आणि पहिल्या हिमवर्षावाला लोक एकमेकांना ‘शीन मुबारक’ म्हणतात. ताज्या शीनमध्ये बहुतांश हवाच असते. फूटभर थर वितळवला तर पाणी हाती लागतं जेमतेम इंचभर. पण ते वितळणं सोपं नाही. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापतं. वर ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं ऐंशी-नव्वद टक्के परतवून लावतो. म्हणून डोंगरावरचा बर्फ ही पाण्याची मुदत ठेव. डिसेंबर-जानेवारीत भरायची, एप्रिलपासून पुढे व्याजासारखी थोडी थोडी मिळत राहते: झेलमला, झऱ्यांना, भाताच्या खाचरांना.

आणि ठेव कधी भरली यालाही किंमत आहे. काश्मिरी माणूस हिवाळा तीन तुकड्यांत मोजतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. फारसीत ‘चिल्ला’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. चिल्लई कलानमधला बर्फ दाबला जातो, रात्रीच्या गोठणीने घट्ट होतो, त्यावर पुढचे थर बसतात. फेब्रुवारी-मार्चचा बर्फ भुसभुशीत असतो, तोवर ऊनही वर चढलेलं असतं. तो दिसतो छान आणि जातो लवकर. २०२४मध्ये नेमकं तेच झालं. चिल्लई कलान संपता संपता, जानेवारीच्या अखेरीस आभाळ भरून आलं आणि गुलमर्ग पांढरं झालं. फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा व्यवस्थित पार पडल्या, हॉटेलं भरली, बातम्या थांबल्या. सफरचंदाच्या बागांचं गणित वेगळं असतं. झाडाला फुलायच्या आधी साधारण हजारभर तास गारव्याची झोप लागते. ती झोप पुरी होऊन पुढे ऐन थंडीतच उबदार दिवस लागले, तर कळ्या लवकर डोळे उघडतात आणि उशिराच्या गोठणीत सापडतात.

बर्फ आणि आपला पाऊस यांचं नातं शोधायचा पहिला प्रयत्न जुना आहे. १८७५मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडला की जमीन तापायला उशीर होतो आणि मोसमी पाऊस अडखळतो, असं त्यांनी १८८४मध्ये मांडलं. बर्फ पाहून ते त्या दशकात मान्सूनचे अंदाजही देत होते. त्यांच्या हिशेबाने बोडका हिमालय म्हणजे महाराष्ट्राला चांगला पावसाळा! २०२४चा मान्सून सरासरीच्या १०८ टक्के झालाही. पण हा पुरावा मानू नये. पुढच्या दशकांत हे नातं कधी जुळलं, कधी साफ उलटलं, आणि मान्सूनवर महासागरांचा हात अधिक जड असल्याचं दिसत गेलं.

आपल्याकडे या पश्चिमी विक्षोभांची खूण निफाडच्या द्राक्षबागेत दिसते. एखादा विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य भारतात उतरतात. बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, मणी तडकतील म्हणून ड्रिपने पाणी सोडतात.

पुढच्या हिवाळ्यातही ठेव नीट भरली नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये गुलमर्गच्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. त्याच फेब्रुवारीत अनंतनागजवळ अच्छबलचा झरा आटला. त्याच्याच पाण्यावर मोगलांनी तिथे बाग वसवली होती. कारंज्यांचे दगडी पाट कोरडे पडले होते, आणि गावातल्या लोकांना प्यायचं पाणी टँकरने आणावं लागत होतं.