सेफगार्ड होल्ड

सेफगार्ड होल्ड : संगणकावर आधीपासून असलेले एखादे सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) विंडोजच्या नव्या आवृत्तीशी जुळत नाही हे कळलेले असेल, तर त्या संगणकाचे अपग्रेड रोखून धरण्याची मायक्रोसॉफ्टची व्यवस्था. खोडा घालणारे सॉफ्टवेअर बहुधा डोळ्यांसमोरचे नसते. वर्ड, टॅली किंवा ब्राउझर यांच्यापायी अपग्रेड क्वचितच अडते. अडवणारी मंडळी पडद्यामागे चालणारी असतात : अँटिव्हायरस, गेममधली लबाडी पकडणारी सेवा, डिस्कचा वा आवाजाचा ड्रायव्हर, व्हीपीएन, एखाद्या डोंगलची (सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीची) सेवा. ती संगणक सुरू होताच आपोआप सुरू होतात, त्यांना खिडकी नसते, आणि ती कधी बसवली हे मालकाला आठवत नसते. त्यामुळे ‘माझ्याकडे असलं काहीच नाही’ असे वापरणारा सांगतो, तेव्हा तो खरेच बोलत असतो.

अपग्रेड अडण्याच्या दोन जागा आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली जागा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची. संगणक आपल्यावरील ड्रायव्हर आणि प्रोग्रामांची माहिती कळवतो. त्यात दोष माहीत असलेली वस्तू असली की विंडोज अपडेट त्याला नवी आवृत्ती देतच नाही. हाच खरा सेफगार्ड होल्ड. दुसरी जागा खुद्द सेटअपमधली, म्हणजे नवी आवृत्ती बसवणाऱ्या प्रोग्राममधली. सेटअप फायली हलवण्याआधी संगणक तपासतो, आणि विसंगत वस्तू सापडली तर तिथेच थांबतो. मग तो विंडोज अपडेटमधून आलेला असो की डाउनलोड केलेल्या आयएसओ फाइलमधून (अख्खे विंडोज एकाच फाइलीत). पहिल्या प्रकारात वापरणाऱ्याला अपग्रेड नुसते दिसत नाही, किंवा ‘तुमचे उपकरण अजून तयार नाही’ अशा अर्थाचा मजकूर दिसतो. दुसऱ्यात सेटअप थांबल्याचा संदेश येतो आणि सोबत ०एक्स-सी१९००२०८ हा त्रुटीचा आकडा. त्याच घरातला ०एक्स-सी१९००२०० हा आकडा मात्र वेगळे सांगतो : संगणक किमान गरजाच पुऱ्या करत नाही. तिथे सॉफ्टवेअर काढत बसण्यात अर्थ नाही.

एवढी खबरदारी कशासाठी, याचे उत्तर कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, आहे. विंडोजमध्ये साधे प्रोग्राम प्रोसेसरच्या ‘रिंग ३’ या पातळीवर चालतात आणि कर्नेल व बहुतेक ड्रायव्हर ‘रिंग ०’वर. रिंग ३ मधला प्रोग्राम कोसळला तर त्याची खिडकी बंद होते, बाकी काम चालू राहते. रिंग ० मध्ये चूक झाली तर अख्खी यंत्रणा निळ्या पडद्यावर थांबते. अँटिव्हायरस आणि लबाडीविरोधी सेवा यांना प्रत्येक फाइल, प्रत्येक प्रोग्राम उघडताना मध्ये डोकवायचे असते, म्हणून त्या स्वतःचा ड्रायव्हर रिंग ० मध्ये नेऊन बसवतात. तिथपर्यंतही ठीक, पण त्यांतली काही कर्नेलच्या अशा अंतर्गत जागांवर विसंबतात ज्या मायक्रोसॉफ्टने कुठेही जाहीर केलेल्या नाहीत. नवी आवृत्ती आली की या जागा सरकतात. घरमालकाने भिंत हलवली आणि भाडेकरूने जुन्याच जागी खिळा ठोकला, तर आतल्या वायरीत घुसणारच.

६४-बिट विंडोजमध्ये २००५ पासून पॅचगार्ड हे संरक्षण आले. कर्नेलमध्ये परस्पर फेरफार झाल्याचे दिसताच ते यंत्रणा थांबवते. त्यावर व्हिस्टाच्या तोंडावर, २००६ मध्ये, सिमँटेक आणि मॅकअफी या कंपन्यांनी जाहीर तक्रार केली होती. पॅचगार्ड टिकले, पण ड्रायव्हर रिंग ० मध्येच राहिले. त्याची किंमत काय असू शकते हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले : क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. ते विंडोजचे अपग्रेड नव्हते, पण मागे चालणारे एक सॉफ्टवेअर काय करू शकते याचा तो पुरावा होता. त्यापुढे अडकलेले अपग्रेड ही फार स्वस्तातली गैरसोय आहे.

हीच भीती एकदा उलट्या दिशेनेही वापरली गेली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांवर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली, तेव्हा काही अँटिव्हायरस कर्नेलच्या स्मृतीत अमान्य मार्गाने हात घालत असल्यामुळे त्या दुरुस्तीनंतर संगणक सुरूच होईनात. मग अट घातली गेली : अँटिव्हायरस कंपनीने ‘आमचे उत्पादन सुसंगत आहे’ अशी एक ठरावीक नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) करायची, ती नोंद असेल त्याच संगणकाला सुरक्षा अपडेट मिळणार. गंमत अशी, की ज्या विंडोज ७ संगणकांवर अँटिव्हायरस मुळातच नव्हता तिथेही ही नोंद नव्हती, आणि ती हाताने करावी लागली. विंडोज १० साठी ही अट मार्च २०१८ मध्ये काढली गेली.

सर्वांत बोलके उदाहरण विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीचे. ती २१ मे २०१९ रोजी आली आणि पहिल्या काही दिवसांतच असंख्य लोकांना एक विचित्र वाक्य वाचायला मिळाले. तुमच्या संगणकावर असा एक ड्रायव्हर किंवा सेवा आहे, जी विंडोजच्या या आवृत्तीसाठी तयार नाही, असा त्याचा आशय. कोणता ड्रायव्हर, कोणती सेवा, याचा पत्ता नाही. त्यातली बरीच मंडळी गेम खेळणारी निघाली आणि दोषी ठरले बॅटलआय : पबजी, रेनबो सिक्स सीज यांसारख्या ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडणारे सॉफ्टवेअर. त्याची जुनी आवृत्ती असलेला गेम १९०३ वर उघडला तर संगणक कोसळू शकत होता, म्हणून अशा संगणकांना अपग्रेड नाकारले गेले.

‘गेम अपडेट करा’ हा पहिला उपाय सरळ होता. अडचण होती ती गेम वर्षापूर्वीच काढून टाकलेल्यांची. गेम गेला, पण त्याने बसवलेली सेवा जागच्या जागी राहिली. प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्स या फोल्डरात, सहसा कुणी उघडत नाही अशा कोपऱ्यात, बॅटलआय नावाचे फोल्डर आणि त्यात बीईसर्व्हिस ही फाइल. कंट्रोल पॅनेलच्या यादीत तिचे नाव नाही, स्टार्ट मेनूत नाही, टास्क मॅनेजरमधल्या चालू प्रोग्रामांतही नाही, कारण गेम नसल्याने ती चालतच नाही. तपासणी मात्र ती जुनी फाइल डिस्कवर आहे की नाही हे पाहते. यातच सारे आले : अनइन्स्टॉल या शब्दावर विसंबून चालत नाही. याच आवृत्तीत आणखी एक होल्ड होता, तो तर सॉफ्टवेअरचाही नव्हता. यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह किंवा आत राहिलेले एसडी कार्ड असले तरी सेटअप थांबे, कारण अपग्रेडमध्ये ड्राइव्हची अक्षरे इकडची तिकडे होत होती.

दोषी वस्तू शोधण्याची जागा सेटअप स्वतःच मागे ठेवतो, फक्त ती सांगत नाही. सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे एक लपवलेले फोल्डर तयार होते. त्यातल्या सोर्सेसच्या आत पँथर, आणि पँथरमध्ये ‘कॉम्पॅटडेटा’ने सुरू होऊन तारीख-वेळेने संपणाऱ्या एक्सएमएल फायली. सर्वांत ताजी फाइल नोटपॅडमध्ये उघडायची आणि ‘ब्लॉकमायग्रेशन’ हा शब्द शोधायचा. बहुतेक ओळींत त्याच्यापुढे फॉल्स असते. एखाद्याच ओळीत ट्रू असते, आणि चोर तिथे असतो. तरी लगेच हाती लागत नाही, कारण ड्रायव्हरचे नाव तिथे ‘ओईएम१४ डॉट आयएनएफ’ असे निनावी असते. ड्रायव्हर बसवताना विंडोज मूळ फाइलला असा क्रमांक देते. मग विंडोजच्या आयएनएफ फोल्डरातली तीच फाइल उघडून ‘प्रोव्हायडर’ ही ओळ वाचायची, किंवा कमांड प्रॉम्प्टवर पीएनपीयूटिल ही आज्ञा देऊन बसवलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची कंपनीसह यादी काढायची. दहा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या स्कॅनरचे नाव इथे भेटले तर नवल नाही. हे वाचन आपोआप करणारे सेटअपडायग हे साधन मायक्रोसॉफ्टने दिले आहे आणि विंडोज १० च्या २००४ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून ते सेटअपसोबतच येते. तरीही पडद्यावरच्या संदेशात दोषी नाव स्पष्ट छापण्याची साधी सोय इतकी वर्षे अर्धवटच राहिली, हा या व्यवस्थेतला खरा दोष म्हणायला हवा. अपग्रेड न करता नुसती तपासणीही करून घेता येते. सेटअप ‘कॉम्पॅट स्कॅनओन्ली’ या पर्यायाने चालवला, की काही अडचण नसल्यास ०एक्स-सी१९००२१० हा आकडा मिळतो. दिसायला तो त्रुटीसारखाच, अर्थ मात्र ‘रस्ता मोकळा’.

इतर होल्डची यादी लांब आहे. २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटच्या वेळी (आवृत्ती १८०९) अॅपलचे आयक्लाउड ७.७.०.२७ अडले आणि ७.८.१ आल्यावर सुटले. २०१९ मध्ये इंटेलच्या रॅपिड स्टोरेज या डिस्कच्या ड्रायव्हरच्या १५.१.०.१००२ ते १५.५.२.१०५३ या आवृत्त्यांवर होल्ड होता, पुढचाच १५.५.२.१०५४ चालत होता, यावरून ही तपासणी किती बारीक असते ते दिसते. त्याच वर्षी अव्हास्ट आणि एव्हीजी या अँटिव्हायरसांच्या जुन्या आवृत्त्यांचाही क्रम लागला. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीच्या वेळी पुन्हा लबाडीविरोधी सॉफ्टवेअरच पुढे आले. या खेपेला ईझी अँटी-चीट, काही ठरावीक इंटेल प्रोसेसरांवर. शिवाय आवाजाचे मिश्रण करणारे व्हॉइसमीटर, आणि परीक्षेच्या वेळी संगणक बंदिस्त करणारा सेफ एक्झाम ब्राउझर. यांतल्या बहुतेकांचा स्वभाव एकच : दुसऱ्याच्या कामात मध्ये पडणे हेच त्यांचे काम.

अॅपलने वेगळी वाट धरली. मॅकओएसचा इन्स्टॉलर विसंगत ठरलेले सॉफ्टवेअर ‘इनकम्पॅटिबल सॉफ्टवेअर’ या फोल्डरात उचलून ठेवतो आणि अपग्रेड पुढे रेटतो. २०१९ च्या कॅटलिनापासून तर कर्नेलमध्ये शिरणाऱ्या विस्तारांऐवजी बाहेरून चालणारे सिस्टम एक्स्टेन्शन वापरण्याचा आग्रह सुरू झाला. यात अपग्रेड अडत नाही, पण दुसऱ्या दिवशी प्रिंटर का चालत नाही याचा शोध वापरणाऱ्याने घ्यायचा. उबंटू ही लिनक्स प्रणाली अपग्रेडच्या सुरुवातीलाच बाहेरून जोडलेले पीपीए (इतरांनी चालवलेले सॉफ्टवेअरचे साठे) बंद करते. तोही तोच विचार.

महाराष्ट्रात हा प्रश्न गेमपेक्षा कार्यालयांत अधिक कळण्याजोगा आहे. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे चाललेल्या संगणकांवर युनिकोडपूर्व काळातली मराठी टंकलेखनाची साधने असतात. सी-डॅकचे आयएसएम हे त्यातले एक : मागे बसून कळफलकावरची प्रत्येक कळ मध्येच पकडायची आणि तिच्या जागी मराठी अक्षर द्यायचे, ही त्याची पद्धत. श्रीलिपीसारख्या पॅकेजसोबत डोंगल येत असे, आणि डोंगल म्हटले की त्याचा ड्रायव्हर आला. सीए आणि ठेकेदार यांच्या संगणकांवर डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर असतो, सेवा केंद्रांत अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (आधारच्या पडताळणीसाठी मागे चालणारी सेवा). ही सगळी साधने अडथळा आणतातच असे नाही. पण टोकन हरवले, यंत्र बदलले, दुसऱ्या कंपनीचे आले, तरी जुन्याचा ड्रायव्हर काढायला कुणी जात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. तोवर पुढे ढकललेले अपग्रेड एकदम अंगावर आले, की असे तळाशी साचलेले ड्रायव्हर वर येतात.

होल्ड तोडण्याचीही सोय आहे. ऑक्टोबर २०२० पासून कंपन्यांच्या संगणक विभागांना धोरणातून (सर्व संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या पॉलिसीतून) सेफगार्ड बंद करता येतात. तो पर्याय चाचणीसाठी आहे आणि त्यानंतर अपग्रेड फसले तर जबाबदारी आपली. आयएसओवरून हाताने अपग्रेड करून सर्व्हरवरचा होल्ड चुकवणारेही पुष्कळ. डिस्कच्या ड्रायव्हरसाठी लागलेला होल्ड असा चुकवणे म्हणजे बॅकअप न घेता जुगार खेळणे. आवाजाच्या ड्रायव्हरसाठी असेल तर फार तर स्पीकर मुके होतील, किंवा निळा पडदा दिसेल आणि मागच्या आवृत्तीवर परतावे लागेल. दोन्हींना एकाच मापाने मोजणारा सल्ला ऐकू नये.

दोष दुरुस्त झाला की मायक्रोसॉफ्ट होल्ड उठवते आणि तशी नोंद विंडोज रिलीज हेल्थ या पानावर करते. दोषी ड्रायव्हर स्वतः अद्ययावत केला असेल तरी अपग्रेड तत्काळ दिसू लागेलच असे नाही. संगणकाने नवी माहिती कळवून सर्व्हरने ती मान्य करेपर्यंत ४८ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो, आणि त्या दोन दिवसांत अनेकजण नुकताच बसवलेला चांगला ड्रायव्हर पुन्हा काढून टाकतात.