नगरसेवकाची फाइल: कुठला कागद कधी आला?

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की ‘भावी नगरसेवक’ फ्लेक्सवरून खाली उतरतो आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगेत उभा राहतो. हातात जात प्रमाणपत्र, त्याची वैधता, थकबाकी नसल्याचा दाखला, शपथपत्र, अपत्यांचे घोषणापत्र, शौचालयाचा दाखला, अनामतीची पावती. ही फाइल जवळजवळ दीडशे वर्षे जाड होत आली आहे, आणि तिच्यातला एकेक कागद कोणत्या ना कोणत्या काळाची खूण आहे.

सर्वांत जुनी खूण थकबाकीच्या दाखल्यात सापडते. मुंबईत 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची पालिका आली. त्यातले 32 करदात्यांनी निवडायचे, 16 जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींनी, उरलेले 16 सरकारने नेमायचे. पट्टी भरणाऱ्यालाच मत, असा सरळ हिशेब. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार या हिशेबात कुठेच नव्हता. 1882 मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि इतर शहरांतही लोकनियुक्त सदस्यांची वाट मोकळी होऊ लागली. तोवर बहुतेक ठिकाणी सरकार नेमेल तो सदस्य.

पण नेमलेला माणूस मान डोलावणाराच निघेल असे नाही. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे सांगून विरोधात गेलेले ते एकटेच. पुढे नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. मंडई झालीच, तिला रे मार्केट हे गव्हर्नरांचे नाव मिळाले. नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. जिच्या खर्चाला नाही म्हटले, तिच्याच कमानीवर नाव! सभागृहातल्या एका मताचे पुढे काय होईल, सांगता येत नाही.

मुंबईत प्रौढ मतदानाने पालिकेची पहिली निवडणूक झाली ती 1948 साली. मतदानाची करपात्रतेची अट गेली, पण उमेदवाराच्या फायलीत ती थकबाकीच्या दाखल्याच्या रूपाने चिकटून राहिली.

आजचा खेळ मात्र खऱ्या अर्थाने 1 जून 1993 पासून सुरू होतो. त्या दिवशी शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणारी 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली. पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येप्रमाणे जागा आणि महिलांना किमान एक तृतीयांश. महाराष्ट्राने 2011 मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. तेव्हापासून इच्छुकाचे नशीब आरक्षणाच्या सोडतीत अडकले. शाळकरी मूल पारदर्शक डब्यात हात घालते, चिठ्ठी उघडली जाते, आणि पाच वर्षे हळदीकुंकू नि देवदर्शनाच्या बसगाड्या काढणाऱ्या भाऊंचा प्रभाग ‘सर्वसाधारण महिला’ होतो. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर भाऊंचा फोटो लहान आणि वहिनींचा मोठा. यावर हसू येते खरे, पण अशा वहिनींपैकी काहींनी पुढे भाऊंना सभागृहाच्या बाहेरच ठेवले, हेही पाहिलेले आहे.

प्रभागाचे गणित तर सरकारगणिक बदलत गेले. मुंबई सोडून मोठ्या महापालिकांत 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला पुन्हा एकच, 2012 ला दोन, 2017 ला चार. मुंबईत मात्र एक प्रभाग, एक नगरसेवक. मतदाराला एकाच वेळी अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबावी लागतात, एवढ्यावर हे संपत नाही. चार जणांचे पॅनेल उभे करण्याची ताकद पक्षाकडे असते. गल्लीत लोकप्रिय असलेल्या अपक्षाला चौपट मोठ्या प्रभागात ओळखणार कोण? माझ्या मते अपक्षांचे सर्वाधिक नुकसान या फेरबदलांनी केले.

बाकीचे कागद गेल्या पंचवीस वर्षांतले. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली तर उमेदवार अपात्र. गुन्हे आणि मालमत्तेचे शपथपत्र आले ते 2002-03 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या मागोमाग. स्वच्छतेच्या मोहिमेने शौचालयाचा दाखला आणला. राखीव जागेवर निवडून आल्यावर जात वैधता मुदतीत दिली नाही म्हणून पद गमावलेले नगरसेवकही आहेत.

आणि मग पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म. ‘ए’मध्ये पक्षाच्या वतीने सही कोण करणार ते असते, ‘बी’मध्ये उमेदवाराचे नाव. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला दार बंद होते. अडीचपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर घामेजलेले चेहरे फोनला कान लावून उभे असतात. कोणी तरी मोटारसायकलवरून पाकीट घेऊन येतो. पाकीट आले नाही तर अर्ज अपक्ष म्हणून भरायचा, नाहीतर शेजारच्या पक्षाचे पाकीट घ्यायचे. निवडून आल्यावर पक्ष बदलू नये म्हणून राज्यात 1986 चा कायदा आहे. अर्ज भरण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाला तो लागू नाही.

मुदत पाच वर्षांची, पण मुंबईत 21 फेब्रुवारी 2017 नंतर मतदान झाले ते थेट 15 जानेवारी 2026 रोजी. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात, प्रभागरचनेचा वाद वेगळाच, आणि 2022 पासून कारभार प्रशासकाच्या हाती. त्याच न्यायालयाच्या 6 मे 2025 च्या आदेशानंतर गाडी हलली. 2022 साठी फाइल तयार ठेवलेल्यांची मधल्या काळात वयाची चार वर्षे गेली, काहींचे पक्ष फुटून दोन झाले, आणि थकबाकीचा दाखला पुन्हा नव्याने काढावा लागला.