वाळ्याची ताटी, चिंचेचा कोळ आणि रिठ्याचा फेस

मे महिन्यात नागपुरात पारा ४३ अंश सेल्सिअसवर गेलेला असताना खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारले, की थोड्याच वेळात खोलीत सुगंधी गारवा पसरतो. तीच ताटी त्याच महिन्यात रत्नागिरीच्या एखाद्या घरात लावली, तर सुगंध तेवढा मिळेल. गारवा बेताचाच, आणि खोलीतला दमटपणा मात्र वाढेल. घरगुती उपायांचा विषय निघाला की एक पक्ष ते डोक्यावर घेतो आणि दुसरा त्यांना भाकडकथा ठरवतो. प्रत्यक्षात यांतल्या बऱ्याच उपायांमागे भौतिकशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा एखादा साधा नियम असतो आणि तो काही अटींवरच लागू पडतो. उपाय एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोहोचला, अट मात्र वाटेत गळून पडली, असे पुष्कळदा झालेले दिसते.

वाळ्याचेच पाहू. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते, आणि या उष्णतेला शाळेच्या पुस्तकात आपण अप्रकट उष्मा म्हणतो. उन्हाळ्यातल्या तापमानाला एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन व्हायला सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट. ताटीतून आत येणारी गरम, कोरडी हवा ही उष्णता आपल्याजवळून पाण्याला देते आणि त्यामुळे स्वतः थंड होते. गणित केले तर एक लिटर पाण्यात साधारण २०० घनमीटर हवा १० अंशांनी थंड करण्याची क्षमता असते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत जेवढी हवा मावते, त्याच्या जवळपास सहापट ही हवा झाली. अर्थात भिंती, छप्पर आणि माणसे खोलीत सतत उष्णता सोडत असतात, म्हणून एकदा पाणी मारून भागत नाही.

परंतु हवा किती थंड होऊ शकते, याला एक मर्यादा आहे आणि ती मर्यादा ताटी कितीही जाड विणली तरी ओलांडता येत नाही. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला असता पारा जिथे स्थिरावतो, ते त्या हवेचे आर्द्र तापमान. बाष्पीभवनाने हवा त्याच्याखाली जात नाही. नागपूरच्या ४३ अंशांच्या हवेची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर हे आर्द्र तापमान सुमारे २३ अंश येते, म्हणजे उतरायला २० अंशांची जागा आहे. किनारपट्टीवर ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर आर्द्र तापमान २८ अंशांच्या आसपास येते, म्हणजे जागा अवघी पाच अंशांची. कोणतीही ताटी या मर्यादेपर्यंत पुरती पोहोचत नाही, त्यामुळे कोकणात प्रत्यक्ष लाभ दोन-तीन अंशांचाच उरतो, आणि हवेत भर पडलेल्या बाष्पामुळे घाम वाळेनासा होऊन तोही वाया जातो. विदर्भात उन्हाळा आला की घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि मुंबईत तो क्वचितच दिसतो, त्याचे कारणही हेच आहे.

ताटी घरी करणे अवघड नाही. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या खिडकीच्या मापाने बांधायच्या, त्यांच्यामध्ये वाळ्याची मुळे दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या थरात सारखी पसरायची आणि जाळ्या सुतळीने आवळून टाकायच्या. थर इतका दाट नसावा, की वारा अडेल. उजेडाकडे धरल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी प्रकाश दिसला, की प्रमाण जमले. ज्या बाजूने उष्ण वारा येतो तिथे ती लावावी आणि समोरची खिडकी मात्र उघडी ठेवावी. खोली बंद ठेवली तर आतल्या हवेत बाष्प साचते आणि नागपूरच्या घरातसुद्धा तासाभरात रत्नागिरी अवतरते. कूलर लावून दारे-खिडक्या घट्ट बंद करणाऱ्यांना हे कितीदा सांगावे!

वाळ्याचा सुगंध इतका टिकतो, तो त्याच्या मुळांतल्या तेलामुळे. या तेलात पंधरा-पंधरा कार्बन अणूंची जड संयुगे प्रामुख्याने असतात. मोगऱ्याच्या किंवा लिंबाच्या वासातले हलके रेणू झटकन उडून जातात. हे जड रेणू सावकाश सुटतात, म्हणून मुळे पुढच्या उन्हाळ्यातही दरवळतात. रात्री मात्र ताटी सुकू द्यावी, नाहीतर सुगंधाच्या जागी बुरशीचा कुबट वास येऊ लागतो. मातीच्या माठाचे विज्ञानही हेच असल्यामुळे त्यासाठी वेगळे फार सांगायला नको. सुबक दिसावा म्हणून बाहेरून तेलरंग दिलेला माठ पाणी गार करत नाही, कारण त्याची छिद्रेच बुजलेली असतात, आणि पाण्यातल्या क्षारांनी छिद्रे भरत गेली, की जुना माठही मंदावतो. नवा माठ घेण्याची रीत उगाच पडलेली नाही.

आता मोरीकडे वळू. गॅसची शेगडी येण्याआधी भांडी चुलीतल्या राखेने घासली जात आणि तांब्या-पितळेची भांडी शेवटी चिंचेने उजळली जात. हा क्रम महत्त्वाचा आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असतात. पाण्यात ती अल्कधर्मी असते आणि तेलकटपणातला काही अंश साबणासारखा करून सोडवते. शिवाय तिचे बारीक कण घर्षणाने खरकटे काढतात. तांब्यावरचा काळसर थर मात्र तेलाचा नसून तांब्याच्या ऑक्साइडचा असतो आणि दमट हवेत बराच काळ राहिलेल्या भांड्यावरचा हिरवट कळंक हा तांब्याचा आम्लारिधर्मी कार्बोनेट असतो. अल्क त्यांना हात लावू शकत नाही, तिथे आम्लच लागते. चिंचेच्या गरातले टार्टारिक आम्ल या थराला विरघळवते आणि सुटलेल्या तांब्याच्या आयनांना धरून ठेवते, म्हणून ते पुन्हा भांड्यावर न बसता पाण्याबरोबर वाहून जातात. कोळात चिमूटभर मीठ टाकले, तर मिठातल्या क्लोराइडमुळे हे काम आणखी लवकर होते.

ज्या क्रियेने भांडे उजळते, त्याच क्रियेने अन्न बिघडते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली, की ती ‘कळकते’, असे आपण म्हणतो. आंबट पदार्थातल्या आम्लाने धातू विरघळून अन्नात उतरला, असा त्याचा रासायनिक अर्थ आहे. कथिलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई, मध्ये उभा राहून हे थांबवत असे. त्यामुळे कल्हई केलेल्या भांड्याचा आतला भाग चिंचेने घासू नये, आणि बाहेरूनही चिंच-मिठाचा लेप लावून भांडे रात्रभर तसेच ठेवू नये. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण आहे. आम्ल आणि मीठ फार वेळ राहिले, की त्यातले जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांबूस डाग उरतात. ते मग कितीही घासले तरी जात नाहीत, कारण तो मळ नसून ती भांड्याची झीज आहे.

राख आणि चिंच एकत्र कालवून कोणी भांडी घासल्याचे ऐकिवात नाही. त्या दोन्ही एकमेकींना निष्प्रभ करतात, हे अनुभवाने ठाऊक होते. आजकाल मात्र व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ‘सर्व डागांवर रामबाण’ असे मिश्रण सांगितले जाते. ते जोरात फसफसते, म्हणून परिणामकारक वाटते. फसफस ही कार्बन डायऑक्साइडची असते आणि ती ओसरल्यावर पाण्यात सोडियम ॲसिटेट नावाचा जवळजवळ निरुपद्रवी आणि स्वच्छतेच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी क्षार उरतो. तेलकट ओट्याला सोडा आणि नळावरच्या पांढऱ्या क्षारांना व्हिनेगर असे दोन्ही वेगवेगळे वापरले, तर दोन्ही उपयोगी आहेत. ओटा कडाप्प्याचा किंवा जमीन शहाबादी फरशीची असेल, तर मात्र लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही त्यावर सांडू देऊ नये. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत, आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि चकाकी कायमची जाते. मिसळण्याच्या हौसेपोटी एक चूक तर जिवावर बेतू शकते. संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली, की विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून या दोन वस्तू एकाच वेळी, एकाच जागी कधीही वापरू नयेत.

रिठ्याची गोष्ट अधिक रंजक आहे. फळाच्या सालीत सॅपोनिन नावाची संयुगे असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग शर्करेचा असून त्याला पाणी प्रिय असते, तर दुसऱ्या भागाला तेल प्रिय असते. असा रेणू पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, तेलाच्या कणाला वेढतो आणि पाण्यात ओढून नेतो. साबणही हेच करतो. परंतु बोअरवेलच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली, की त्याचा न विरघळणारा साका होतो आणि बादलीच्या कडेला चिकट पांढरा थर बसतो. सॅपोनिनवर विद्युतप्रभार नसल्यामुळे रिठ्याचा असा साका होत नाही. मराठवाड्यातल्या जड पाण्यातही त्याचा फेस टिकतो, तो यामुळे.

रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, ही दुसरी जमेची बाजू. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे आहेत आणि साबणातल्या अल्काने ते कमकुवत होतात. पैठणी किंवा शाल रिठ्याच्या पाण्यात धुण्याची पद्धत म्हणूनच योग्य आहे, जरी भारी जरीच्या पैठणीला मुळात पाणी लावावे की नाही, हा प्रश्न वेगळाच. दहा-बारा रिठे फोडून, बी काढून, साली रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळून घ्याव्यात. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. स्वयंपाकघरातली तेलाने माखलेली फडकी मात्र रिठ्याने निघतील, अशी आशा धरू नये. धुण्याच्या पावडरीत अल्क आणि विकरे असतात, रिठ्याकडे ती नाहीत. ‘नैसर्गिक’ म्हणजे सौम्य, हेही गृहीत धरू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर भयंकर झोंबते, आणि सॅपोनिन माशांना इतके घातक आहे, की हे पाणी घरातल्या मत्स्यटाकीजवळही नेऊ नये.

धान्याच्या कणगीत आणि कपड्यांच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालण्यामागेही अशीच खरी, पण मर्यादित बाजू आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असताना हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले, की सगळी हिरवळ फस्त करणाऱ्या टोळांनी कडुनिंब तेवढा सोडला. १९६२ साली दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून टोळ त्यापासून दूर राहतात, हे दाखवले. त्यातले मुख्य संयुग, ॲझाडिरॅक्टिन, १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले; त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली, की केंब्रिजमधल्या स्टीव्हन ली यांच्या गटाला ते प्रयोगशाळेत पूर्णपणे तयार करायला २२ वर्षे लागली आणि ते काम २००७ मध्ये तडीस गेले. हे संयुग कीटकाला तत्काळ मारत नाही; त्याची खाण्याची इच्छा मारते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते. ते सर्वांत जास्त असते निंबोळीच्या बीमध्ये, पाल्यात कमी, आणि उन्हात ते लवकर नष्ट होते. पाला सावलीत वाळवावा, हा जुना दंडक त्यामुळे शब्दशः पाळण्यासारखा आहे. कीड आधीच लागलेल्या धान्यात पाला टाकून काही साधत नाही. पाला जाळून धुरी करण्याने डास काही काळ दूर जातात खरे. परंतु त्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांच्या दृष्टीने इतर कोणत्याही धुराइतकेच वाईट असतात, आणि लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर त्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी.

साठवणीच्या कडधान्याला एरंडेल चोळण्याची पद्धत मला या सगळ्यांत अधिक नेमकी वाटते. कडधान्याच्या भुंग्याची मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटवते. तेलाचा पातळ थर असला की अंडे नीट चिकटत नाही, आणि चिकटलेच तर आतल्या जिवाला हवा मिळत नाही. गहू-तांदळातल्या सोंड्याची मादी मात्र दाण्याला भोक पाडून अंडे आत घालते आणि भोक लिंपून टाकते, त्यामुळे तिथे तेलाची मात्रा तितकीशी चालत नाही. अशा धान्याला चैत्र-वैशाखातले कडक ऊन द्यावे, ते पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावे आणि झाकण घट्ट लावावे; गरम धान्य भरले, तर डब्याच्या आत पाणी सुटते आणि उन्हाने घालवलेला ओलावा परत धान्यात शिरतो.